चार वाजताची मॅच

इंदूरला नोकरी लागल्याचं घरी सांगितलं, तेव्हा वडिलांनी पगार विचारला नाही, राहायची सोय विचारली नाही. म्हणाले, "तिथं फुटबॉल हाय का?"

आम्ही कोल्हापूरचे. तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात आणि तालीम गल्लीची असते, त्यामुळे मॅच हरली की सगळी गल्ली हरते. वडील मला लहानपणापासून स्टेडियमवर न्यायचे. गळ्यात आमच्या तालमीच्या रंगाचा रुमाल बांधून मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. इंदूरला आले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, तरी रविवारी चार वाजले की मोबाईल उघडून बसायचे. हल्ली आमच्या मॅचेस मोबाईलवर दिसतात. चित्र मधेच अडकतं, बोलणाऱ्याचा आवाज फाटतो, पण लाल मातीची धूळ उडताना दिसते, तेवढं मला पुरायचं.

अन्नपूर्णा भागात एका घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. खाली काका आणि काकू राहायचे. काकांचे पूर्वज कधीकाळी संस्थानी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. काका वीज मंडळातून रिटायर झालेले, अबोल गृहस्थ. काकूंनी तीस-बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. "पूर्ण मोहल्ल्यात हिचा आवाज जायचा," काका सांगायचे. "माझं बोलणंपण हीच बोलून टाकायची. मला कधी जरूरतच नाही पडली."

हे सगळं मी ऐकलेलं. मी राहायला गेले त्याच्या चार महिने आधी काकूंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात कमजोर झाला, चालणं हळू झालं आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द उरला. "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, गुडघा दुखला तरी तेच, मुलाचा पुण्याहून फोन आला की कानाला लावून "तेच, तेच, तेच" म्हणायच्या आणि डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांना सगळं समजत होतं. वर्तमानपत्रातली चूक त्या बोटाने दाखवायच्या. फक्त शब्द तोंडापर्यंत येईतो बदलून जायचा.

रविवार त्या घरात फार सावकाश उगवायचा. काका आठ वाजता पिशवी घेऊन पोहे-जलेबी आणायला निघायचे. दुकानापाशी कुणीतरी "क्या भिया, आज लेट?" म्हणून हाक मारायचं, आणि पंधरा मिनिटांच्या कामाला त्यांना तासभर लागायचा. मला खाली बोलावणं यायचं. पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन मसाला, आणि शेजारी गरम जलेबी. मिसळ खाऊन वाढलेल्या मला हे तिखट-गोड एकत्र खाणं पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. महिनाभरात मीच काकांना "जलेबी थोडी जास्त आणा" म्हणून सांगू लागले. मग अंघोळी, मग दुपारचं जेवण, मग झोप. चार वाजता काका चहा ठेवायचे आणि मी वर माझ्या मॅचला बसायचे.

एका रविवारी माझ्याकडचं इंटरनेट बंद पडलं. आमच्या तालमीची उपांत्य फेरीची मॅच होती. मी धावत खाली गेले.

"काका, तुमच्या टीव्हीवर लावू का? दीड तास फक्त."

"लाव ना बेटा. पूछना क्या त्यात. पण आहे काय?"

"फुटबॉल. आमच्या गावचा."

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी त्यांची खुर्ची टीव्हीकडे वळवून दिली, कारण कुणी विचारायच्या आधीच काकूंनी मान तिकडे वळवली होती. मी जमिनीवर, खुर्चीच्या पुढ्यात बसले. मोठ्या पडद्यावर स्टेडियम बघून मला भरून आलं. खच्चून भरलेलं होतं. वडील कुठल्या पायरीवर बसले असतील ते मला ठाऊक होतं, पण कॅमेरा तिकडे जात नव्हता.

अर्धा वेळ गेला तरी एकही गोल झाला नाही. मी काकूंना मधून मधून सांगत होते, निळे आपले, पांढरे त्यांचे, तो लाल बुटांचा पोरगा आपला, डाव्या बाजूने पळतो. त्या "तेच" म्हणत होत्या. काका स्वयंपाकघरात चहा करायला गेले.

उत्तरार्धात लाल बुटांच्या पोराने चेंडू काढला आणि सुसाट निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. उजवीकडे आपलाच खेळाडू एकटा, मोकळा, हात वर करून उभा. पण ह्याला स्वतःच मारायचा होता. तो थांबला, वळला, पुन्हा थांबला. मी ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

"अरे पास दे ना! काय करून राहिला!"

खणखणीत आवाज होता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. मला क्षणभर वाटलं, बाहेरून कुणी ओरडलं. मग मी मागे वळले. काकू खुर्चीत पुढे झुकल्या होत्या, डावा हात टीव्हीकडे रोखलेला, आणि स्वतःच दचकल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या.

काका हातात चहाची गाळणी घेऊन दारात उभे होते. गाळणीतून चहा टपटप फरशीवर पडत होता.

"तू बोललीस का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काका."

ते काकूंपाशी आले. गाळणी तशीच हातात. "काय म्हणालीस? अगं, परत बोल ना."

काकूंनी तोंड उघडलं. ओठ हलले, कपाळावर शीर उठली. "ते... तेच," त्या म्हणाल्या. "तेच. तेच."

काका माझ्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही हे मला नंतर आठवलं. टीव्ही चालू होता, आम्ही दोघंही पडद्याकडे न बघता काकूंकडे बघत होतो. काकू मात्र पडद्याकडेच बघत होत्या. चार-पाच मिनिटं गेली असतील.

"मार!" त्या ओरडल्या. आणि मग, "गेला! गेला बाहेर!"

आठ महिने ज्या बाईला पाणी हा शब्द सापडत नव्हता, तिच्या तोंडून हे शब्द, जागच्या जागी, बरोबर, आपसूक निघत होते. कुठे होते ते इतके दिवस? मी रसायनशास्त्राची. काय कशात मिसळलं की काय होतं, हे सांगणं माझं कामच. पण त्या खोलीत मला काहीही सांगता आलं नसतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर जुळतात तसे माझे हात आपोआप जुळले.

मॅच संपल्यावर वडिलांचा फोन आला. मागे हलगी वाजत होती. "बघितलीस न्हवं? शेवटचा गोल बघितलास न्हवं?"

मी बघितला नव्हता. गोल कधी झाला, कुणी केला, काही कळलं नव्हतं. मी त्यांना काकूंचं सांगितलं. पलीकडे हलगी वाजत राहिली. मग म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, फायनलला बी बसा."

तुकोगंजात एक बाई काकूंना बोलण्याचे व्यायाम द्यायच्या. सोमवारी काका त्यांना सगळं सांगून आले. त्या म्हणाल्या की असं होतं. ठरवून बोललेला शब्द एका वाटेने येतो, आणि अचानक तोंडातून सुटलेला दुसऱ्या वाटेने. ती दुसरी वाट शाबूत असली तर तिच्यावरून हळूहळू बाकीचे शब्दही आणता येतात. "पण आग्रह करायचा नाही, असं म्हणाल्या," काका मला सांगत होते. "मी काल परत बोल म्हटलं, ते गलत झालं माझं."

त्यानंतर दर रविवारी चार वाजता आम्ही तिघं खाली बसू लागलो. आमच्या तालमीची मॅच नसेल तर दुसऱ्या कुठल्याही. काका मुद्दाम स्वयंपाकघरात जायचे नाहीत. चहा आधीच करून ठेवायचे. मी मॅचमध्ये गुंतल्यासारखं दाखवत विचारायचे, "काकू, चेंडू कुणाकडे?" आणि कधी उत्तर यायचं, कधी नाही. "निळा." "लाल बूट." "पडला." रेफरीला त्या अंपायर म्हणायच्या. मी एकदा "काकू, रेफरी" म्हटलं, तर माझ्याकडे बघून ठामपणे म्हणाल्या, "अंपायर!" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. फायनल आम्ही हरलो. त्या दिवशी काकू मान हलवत एवढंच म्हणाल्या, "खराब खेळले." दोन शब्दांचं, पण विचार करून बोललेलं पूर्ण वाक्य. हरल्याचं दुःख करायला मला जमलंच नाही.

मग उन्हाळा चढला आणि कोल्हापूरचा हंगाम संपला. मी परदेशातल्या मॅचेस लावून बघितल्या. हिरवंगार मैदान, स्वच्छ चित्र. काकू पाच मिनिटांत खिडकीकडे वळल्या. दोन रविवार कोरडे गेले. काका अस्वस्थ झाले. न बोलणारा हा माणूस शेजारीपाजारी, पोह्याच्या दुकानात, वीज मंडळातल्या जुन्या मित्रांना विचारत सुटला, "भिया, इथे फुटबॉल कुठे होतो?"

मैदान सापडलं. रविवारी सकाळी साडेसहाला तिथे पोरं खेळतात, हौशी, वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली. आम्ही रिक्षाने गेलो. मे महिना होता, पण माळव्यातली सकाळ गार असते. काकूंच्या अंगावर पातळ शाल होती. काकांनी घडीची खुर्ची आणली होती ती रेषेपासून थोडी लांब, कडुनिंबाखाली मांडली. शेजारी एक बाई बाकावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर मुलाची बॅग.

मी आणि काका पाणी आणायला पलीकडच्या हातपंपाकडे गेलो. परत येताना दहा पावलांवर होतो, तेव्हा त्या बाईंनी काकूंना विचारलं, "आपका भी लड़का खेल रहा है?"

काका जागीच थांबले. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, ते धावत जाऊन सांगतील की हिला बोलता येत नाही. इतके महिने ते तेच करत आले होते. दारी आलेल्या प्रत्येकाला आधी सांगून टाकायचे.

काकूंनी मान वळवली. थोडा वेळ गेला. मैदानात शिट्टी वाजली.

"नहीं," काकू म्हणाल्या. "देखने... आई हूँ."

"अच्छा! शौक है आपको?"

"हाँ." पुन्हा थोडा वेळ. "बहुत."

त्या बाईंना ह्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी आपल्या मुलाविषयी सांगायला सुरुवात केली, तो कसा सकाळी न खाताच पळतो, बूट किती लवकर फाडतो. काकू ऐकत होत्या, मधून मधून मान डोलवत होत्या, आणि एकदा काहीतरी म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या बाई खळखळून हसल्या.

"चला काका," मी हळूच म्हटलं.

"नाही बेटा," ते म्हणाले. "आपण इथेच थांबू. बोलून राहिल्या ना त्या दोघी."

आम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच उन्हात उभे राहिलो.