ड्रॅगनाच्या स्वयंपाकिणीपायी साउथहॅम्प्टन

आमची कन्या सई, वय वर्षं सोळा, हिने जाहीर केलं की ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, केमिस्ट्री घेणार नाही, कारण तिला जपानी पद्धतीच्या लाइट नॉव्हेल लिहायच्या आहेत. म्हणजे छोटी, सचित्र, भागांमागून भाग येणारी पुस्तकं. तिच्या लाडक्या लेखिकेची नायिका साखरपुडा मोडल्यावर ड्रॅगनाच्या घरी स्वयंपाकीण होते आणि त्याच्याच प्रेमात पडते. ह्या लेखिकाबाई जपानहून साउथहॅम्प्टनला चाहत्यांच्या मेळाव्याला येणार होत्या. मी पैज लावली: लिहून पोट भरतं असं त्या म्हणाल्या तर केमिस्ट्री रद्द, नाहीतर मुकाट्याने घ्यायची. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे आपलंच बरोबर ठरणार याची खात्री होतीच.

शनिवारी मेडनहेडहून निघालो. रेडिंगला गाडी बदलायची. दोघांचं मिळून रेलकार्ड काढलंत तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. स्टेशनवरच्या सँडविचच्या नादी लागू नका, घरून पराठे न्या. मी डबा उघडताच सई लाजून पलीकडच्या सीटवर गेली आणि बेसिंगस्टोकला परत येऊन दोन खाऊन गेली.

हॉल स्टेशनपासून चालत जाण्याजोगा. आत सगळीकडे गोष्टीतल्या पात्रांचे वेष केलेली पोरं: शेपट्या, शिंगं, पंख. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, म्हणून टोकदार कानांच्या एका मुलीने मला सिक्युरिटीवाला समजून टॉयलेट कुठेय विचारलं.

लेखिकाबाई मास्क आणि टोपीत, फोटोला बंदी. दुभाष्याने त्यांचं करिअर सांगितलं: आधी वेबसाइटवर फुकट लिखाण, वाचक वाढल्यावर प्रकाशकाचं बोलावणं. पहिली मालिका खपली नाही, दुसऱ्या भागावरच गुंडाळली. उरलेली गोष्ट बाईंनी पुन्हा फुकट लिहून पुरी केली.

प्रश्नोत्तरांत मी उठलो. आपल्याकडे माइक हातात आला की आधी आयोजकांचे आभार मानतात, तसे मानले. सईने हुडी नाकापर्यंत ओढली.

"तुम्ही नोकरी करता का? आणि वडील काय म्हणतात?"

बाई अजूनही सकाळी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसतात. मी सईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग दुभाष्या म्हणाला, "वडिलांना त्यांनी कधी सांगितलंच नाही. ते हसतील असं वाटायचं. आता वडील नाहीत."

मी खाली बसलो. पैज जिंकल्याचा आनंद काही होईना.

परतीच्या गाडीत विंचेस्टर मागे पडलं तेव्हा सई बोलली. "फाइन, घेते केमिस्ट्री."

"तू लिहितेस का काही?"

"दोन वर्षं झाली. ऑनलाइन. पीपल ॲक्चुअली वाचतात."

"कुठल्या नावाने?"

"नाही सांगणार. तू हसणार, बाबा."

मला फार वाईट वाटलं, कारण ती खोटं बोलत नव्हती.

घरी आल्यावर केमिस्ट्री मीच रद्द केली. वेबसाइट कुठली ते तिने सांगितलं, टोपणनाव मात्र अजून सांगत नाही. म्हणून रोज जेवणानंतर मी त्या वेबसाइटवर अनोळखी पोरींच्या राजकन्या वाचत बसतो. एखादी आमची निघाली तर, म्हणून प्रत्येकीखाली दोन बरे शब्द लिहितो. कधीकधी फार हसू येतं. मग बाथरूममध्ये जाऊन, दार लावून हसतो.