अक्कांचे ‘अहो’

भर वैशाखात, पंखासुद्धा गरम वारा टाकत असताना, आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक बाई रेनकोट घालून बसलेली दिसायची. समोरच्या बिल्डिंगमधले लोक आधी टक लावून बघायचे, मग घरातल्यांना बोलावून दाखवायचे, आणि शेवटी बघेनासे झाले. त्या बाई म्हणजे माझ्या नणंद, अक्का. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर पांढरा ससा, हातात तान्ह्या बाळाच्या केसांचा मऊ ब्रश. सशाचे केस सुती साडीत अडकले की धुतल्यावरही निघत नाहीत. रेनकोट मात्र एकदा झटकला की स्वच्छ. हा शोध अक्कांचा स्वतःचा. टेलिफोन खात्यात आयुष्य घालवल्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, पण या शोधाचं होतं.

ससा मुळात आमचा नव्हताच. वरच्या मजल्यावर आयटीतलं एक तरुण जोडपं भाड्याने राहायचं. ‘काकू, जस्ट दोन वीक्स हं’ असं म्हणून ते पिंजऱ्यासकट ससा ठेवून बेंगळुरूला गेले आणि तिकडचेच झाले. तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष उलटलं होतं, मुलगा परदेशात, आणि फ्लॅटमध्ये आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींची बोलणी ऐकून कंटाळलो होतो. सशाचं नाव म्हणे मफिन. अक्कांनी ते पहिल्याच दिवशी रद्द केलं.

“पावाचं नाव काय ठेवतात जनावराला? अहो, इकडे या बघू.”

त्या ‘अहो’चंच नाव झालं. जन्मभर लग्न न केलेल्या माझ्या नणंदेच्या तोंडून दिवसभर ‘अहो, उठा’, ‘अहो, पाय द्या’ ऐकताना मला गुदगुल्या व्हायच्या. एकदा राहवलं नाही.

“अक्का, शेवटी मिळाले हो तुम्हाला अहो!”

“हो. आणि घोरत नाहीत,” त्या म्हणाल्या.

घोरायचे माझे. आणि ते त्यांचेच धाकटे भाऊ. 

सशाला विंचरणं म्हणजे लाड, असा माझा समज. अक्कांनी तो टिकू दिला नाही. “नटवायला नाही विंचरत मी,” त्या म्हणायच्या. “हा दिवसभर स्वतःला चाटतो. सुटलेले केस पोटात जातात. मांजर ओकून मोकळं होतं. याला ओकताच येत नाही. गिळलं की गिळलं.” त्याची कात टाकल्यासारखी केसगळती सुरू झाली की त्या रोज दोनदा बसायच्या, ओल्या बोटांनी सुटे केस वेचायच्या, आणि तरीही घरभर कापूस पिंजल्यासारखं व्हायचं. देवाच्या वातीत केस, चष्म्यावर केस. एकदा आमटीत निघाला. मी वाटी त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, “बघा तुमच्या अहोंचे प्रताप.”

त्यांनी चष्मा लावून तो केस नीट पाहिला. “पांढरा आहे, सुमन. तुझाही असू शकतो.”

नखं कापायचा दिवस म्हणजे आमच्या घरी शस्त्रक्रिया. पांढऱ्या नखातली लाल शीर दिसते, काळ्या नखातली दिसत नाही, म्हणून मी मागून मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि अक्कांनी शिरेच्या अलीकडे टोक उडवायचं. शेजारी वाटीत कॉर्नफ्लॉर, चुकून रक्त आलंच तर दाबून धरायला. पण मला खरी गंमत वाटायची ती त्यांच्या बोलण्याची. कुठेही हात लावण्याआधी त्या सशाला कळवायच्या. ‘आता उजवा पुढचा.’ ‘आता कान बघते, नुसता बघते.’ ‘लाइनवर राहा, झालंच.’ वर्षानुवर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांना थांबवून ठेवलेली बाई, तिच्या तोंडात ते बसलं होतं.

मी हसायचे. “त्याला काय कळतंय?”

“शब्द नसतील कळत. पण हात अचानक येत नाही, एवढं तर कळतं.”

सशाची शी-शूची पेटी धुवायची ती व्हिनेगरने. फिनाइलला सक्त मनाई. पावसाळ्यात बुडाखाली रोज बघायचं, माशी बसू द्यायची नाही, घाण दिसली तर ओल्या फडक्याने तेवढंच पुसून लगेच कोरडं करायचं. आंघोळ कधीही नाही. हे शेवटचं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण मी तेव्हा नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे स्वतःला सगळ्यातलं सगळं कळतं असं वाटण्याच्या वयाची. नरकचतुर्दशीला पहाटे अक्का देवघरात होत्या, घरात उटण्याचा वास दरवळत होता, आणि मला वाटलं, घरातला प्रत्येक जीव अभ्यंगस्नान करतोय, हाच बिचारा पारोसा! चांगलं तेल चोळलं, उटणं लावलं, दोन तांबे घातले. मग पोट पुसायला मांडीवर उताणा घेतला. तो चारी पाय वर करून निपचित पडला. डोळे उघडे, हूं की चूं नाही. मी इतकी खूश झाले की व्हिडिओ कॉल लावून नातवंडांना दाखवलं. “बघा रे, आजीच्या मांडीवर कसा सुखात पहुडलाय!”

अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “उचल त्याला. सरळ कर.”

“अक्का, किती शांत आहे बघा ना.”

“भ्यालाय तो. सशाला उताणं केलं की तो मेल्यासारखा पडतो. मारणाऱ्याने सोडून द्यावं म्हणून. गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असं कोणी सांगितलं तुला?”

फोनमधून नातवंडं टाळ्या वाजवत होती. मी फोन बंद केला.

दिवाळीचा तो सबंध दिवस अक्का त्याला टॉवेलात घेऊन बसल्या. तो खाईना. ससा दिवसभर खायचा थांबला तर वाचेलच असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. सणाचा दिवस, प्राण्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, फोन लागेना. फराळाच्या ताटाला अक्कांनी हात लावला नाही. संध्याकाळी मी पणत्या लावत असताना सशाने कोथिंबिरीची एक काडी ओढून चावली, आणि मग अक्कांनी चकलीचा तुकडा मोडला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला माझ्याच लग्नानंतरचे दिवस आठवत राहिले. तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आतली खोली अक्कांची होती. मी आले आणि ती आमची झाली. अक्कांनी आपली ट्रंक उचलून बाहेरच्या खोलीत आणली, गादी कॉटखाली सरकवली, आणि त्यानंतर कुठल्याही घरात त्या बाहेरच झोपल्या. आणि मी, वीस वर्षांची अक्कलवान नवरी, माहेरी जाऊन सांगायचे, ‘आमच्या वन्सं ना, स्वभावाने इतक्या शांत! त्यांना बाहेरची खोलीच आवडते.’ पाडव्याला मी धीर करून विचारलं, “अक्का, तेव्हा खोली सोडताना तुम्हाला वाईट वाटलं होतं का?”

त्या मेथीच्या काड्या निवडत होत्या. “तक्रार आत्ता नोंदवली. नंबर लागला की कळवू.”

नंबर काही लागला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी श्रावणात अक्का न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि त्यांना बाहेरच्या खोलीतून उचलून आतल्या बेडवर ठेवलं. मला वाकता येत नाही, म्हणून रुग्णसेवेच्या ब्युरोतून शोभा यायला लागली. धायरीची, तरुण, कामाला वाघीण. झपझप अंग पुसायची, झपकन कूस बदलायची, चादर काढली कधी आणि घातली कधी कळायचं नाही.

“आज्जी लई शांत हायत बघा,” ती मला कौतुकाने सांगायची. “काय बी तरास न्हाई. न्हाईतर म्हातारी मानसं किती आरडतात!”

आज्जी खात मात्र नव्हत्या. दोन घास, ‘भूक नाही.’ पाण्याचा पेला सकाळी भरलेला संध्याकाळी तसाच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा गेलेलं माणूस परत येईलच असं मी सांगत नाही. मी पेज केली, सूप केलं, रागावले, रडले. माझं तरी काय राहिलं होतं? एका खोलीत नणंद, गॅलरीत ससा, दोघांची नखं, दोघांचं पुसणं, दोघांच्या खाण्याची चिंता. दुपारी रेनकोट घालून बसले की ब्रश हातात धरून मला डुलकी लागायची आणि अहो माझ्या मांडीवरून निघून जायचे.

एका सकाळी औषध द्यायला म्हणून मी आतल्या खोलीच्या दारात थांबले. शोभा अक्कांना पुसत होती. अक्का उताण्या. दोन्ही हात छातीशी दुमडलेले, मुठी घट्ट. डोळे उघडे, छताला लागलेले. पापणी हलत नव्हती. शोभाने पाय उचलला, ठेवला, कूस वळवली. तोंडातून आवाज नाही.

मी हातातलं औषध बाजूला ठेवलं. पाणी का पीत नाहीत, तेही तेव्हाच लक्षात आलं. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागतं.

“शोभा, थांब जरा. आधी पांघरूण घाल त्यांच्यावर. आणि पुढचं मी सांगेन तसं.”

मला वाकता येत नाही, पण बोलता येतं. मी उशाशी स्टूल घेऊन बसले. “अक्का, आता डावा हात.” मग शोभाने डावा हात घ्यायचा, तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं. “आता पाठ. आधी आम्ही गुडघ्याखाली उशी देतोय.” कुठेही हात अचानक जाणार नाही. दोनदा सांगायचं, थांबायचं, मग हात.

शोभाला हसू आवरेना. “आज्जींचा काय ससा करताय व्हय?”

“हो,” मी म्हटलं. “‘टॉर्च धर’ म्हटलं की तू धरायचा.”

पहिले काही दिवस अक्का तशाच छताकडे बघत होत्या. मग एकदा ‘आता उजवा पाय’ म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पाय इंचभर सरकवला. आणि एका सकाळी शोभा फडकं पिळत असताना त्या एकदम कडाडल्या, “कोरडा टॉवेल आधी जवळ घ्यावा, मग पाण्यात हात घालावा! सुमन, तुला इतकी वर्षं शिकवलं, तू हिला एवढंही सांगितलं नाहीस?”

शोभा घाबरली. मी मात्र टॉवेल आणायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि कपाटाला टेकून उभी राहिले. परत आले तेव्हा त्या म्हणाल्या, “चहा टाक. अर्धा नको, पुरता कप.” आणि चहा संपल्यावर त्यांनी भांडं मागितलं. सरळ, मोठ्या आवाजात, टेलिफोनवर नंबर मागावा तसं.

त्यानंतर अक्का आणखी दीड वर्ष जगल्या. उठून चालल्या नाहीत, पण त्या बेडवरून त्यांनी मला आणि शोभाला इतकं बोलून घेतलं की आयुष्यभराची भरपाई झाली. मीठ कमी, पडदा वाकडा, अहोंची मान नीट विंचरली नाही, तुझा आवाज फार चढलाय. मी दमायचे, चिडायचे, उलट बोलायचे. माहेरची भाची भेटायला आली तेव्हा म्हणाली, “आत्या, तुझ्या नणंदबाई आता फार कटकट करतात नाही?” मी म्हटलं, “हो, फार.” आणि बहुतेक माझ्या तोंडावर हसू असावं, कारण ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिली.

माघातल्या एका सकाळी त्या गेल्या. झोपेतच. थंडी अशी की फरशीवर पाय ठेववत नव्हता. नातेवाईक जमले, सोसायटीतले लोक जमले, वैकुंठ स्मशानभूमीला न्यायची गाडी खाली येऊन उभी राहिली. आंघोळ घालायला आम्ही बायका आत गेलो. कोणीतरी नळाखाली बादली लावली. मी ती बाजूला केली, पातेलं भरलं आणि गॅसवर ठेवलं.

“काकू, वेळ होतोय,” शेजारची सून हळूच म्हणाली. “गाडीवाला दोनदा वर येऊन गेला. आता त्यांना काय कळणार आहे गार आणि गरम?”

“थांबू दे त्याला,” मी म्हटलं.

मग सगळ्याच बायका ओट्याभोवती उभ्या राहिल्या.  मी पातेल्यात बोट घालून बघितलं. अजून जरा हवं होतं.