सुमीच्या हातावरची गाठ

"टी.बी. आहे," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या बाजूला धुकं साचल्यासारखं काहीतरी दिसत होतं.

मी विचारलं, "शनिवारपर्यंत सोडाल ना? बाजार आहे."

"शनिवार विसरा. दिवाळी इथंच होईल तुमची."

मी धामणगाव बढ्याचा. वांगी, मेथी आणि वाळलेली मिरची सायकलवर लादून आठवडी बाजार करायचो. माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळा गाव म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. तीन महिने खोकला होता, पण मिरचीवाल्याला खोकला असायचाच, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. संध्याकाळची कणकण उन्हामुळे आणि उतरलेलं वजन सायकलमुळे, असा माझा हिशेब. एका सकाळी थुंकीत रक्ताची तार दिसली, तेव्हा राजूरचा घाट चढून बुलढाण्याच्या दवाखान्यात आलो. तुमच्या घरात कुणी असं महिनोन्महिने खोकत असेल, तर कारणं शोधत बसू नका. आधी तपासा.

मग बेडका, म्हणजे खोकून काढलेला कफ, तपासला. त्याला स्प्युटम टेस्ट म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे बेडक्यात जंतू दिसले आणि माझ्यापासून दुसऱ्याला आजार होऊ शकत होता.

"घरात लहान मूल?" डॉक्टरांनी विचारलं.

माझी मुलगी सुमी तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या गळ्याशी तोंड खुपसल्याशिवाय तिला झोप येत नसे. तीन महिने ती माझ्या खोकल्यातच झोपली होती. डॉक्टरांना हे मी खाली पाहत सांगितलं. त्या घडीपासून स्वतःच्या छातीची चिंता मागे पडली. पोरीला माझं दुखणं लागलं का, एवढंच मला कळायला हवं होतं.

उपचार सुरू झाले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, आणि 'पास' नावाच्या गोळ्या, त्याही मूठभर. त्यांनी मळमळायचं. पण सगळ्यात अवघड औषध म्हणजे पडून राहणं. मी खाटेवरून उठायचो, वॉर्डच्या टोकापर्यंत जायचो, परत यायचो, खिडकीचे गज मोजायचो. सिस्टर ओरडायच्या. मी पडायचो आणि त्या वळल्या की पुन्हा उठायचो.

एकदा डॉक्टरांनी मला दारातच पकडलं. खाटेवर बसवून म्हणाले, "औषध जंतूंना मारतं, पण सगळी लढाई औषधाची नाही. तुमच्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी आहेत. पेशी म्हणजे शरीराचा बारीकसा कण. या पेशी जंतूला गिळतात. नाही गिळता आला, तर त्याच्याभोवती गोळा होऊन त्याला कोंडून ठेवतात. ही इम्युनिटी, अंगची प्रतिकारशक्ती. ती जन्मापासून असते. पण तिला अन्न लागतं आणि विश्रांती लागते. तुम्ही दोन्ही देत नाही."

मी मान डोलावली. माझा विश्वास काही बसला नाही. माझ्या अंगात एवढे पहारेकरी होते, तर चोर घरात शिरलाच कसा?

सोमवारी माझी बायको कमल आणि माय सुमीला घेऊन आल्या. जंतू तिच्या अंगात गेलाय का ते पाहायला तिची मॅन्टू टेस्ट झाली. हाताच्या कातडीत औषधाचा बारीक थेंब टोचतात आणि तीन दिवसांनी तिथं गाठ येते का ते पट्टीनं मोजतात. कंपाउंडरनं बजावलं, "हात चोळू नका." सगळ्या गावी परतल्या.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवण जाईना. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला दोनदा शिव्या दिल्या, कारण माझ्या येरझाऱ्यांनी त्याचा डोळा लागत नव्हता.

गुरुवारी सगळ्या आल्या. कंपाउंडरनं सुमीची बाही वर केली आणि कपाळाला हात लावला. हातावर काळा डाग, भोवती फोड, सगळं लालबुंद.

"हे काय केलं?"

"बिब्बा लावला," माय म्हणाली. "गाठ आली होती ना बापा, लेकराच्या हातावर. म्हनलं, बसून जाईन."

आमच्याकडे कुठंही सूज दिसली की बिब्बा तापवून टेकवतात. मायनं जन्मभर तेच केलं होतं. या वेळी बिब्बा उतला, कातडी भाजली, आणि कुठली सूज सुईची अन् कुठली बिब्ब्याची, हे कुणालाच सांगता येईना. टेस्ट वाया गेली. दुसऱ्या हातावर पुन्हा सुई, पुन्हा तीन दिवस.

मी मायवर ओरडलो. सगळ्या वॉर्डादेखत ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "मले का मालूम रे? मले वाटलं, आपली पोरगी बरी होईन." आज तिची आठवण आली की तो दिवस आधी आठवतो, आणि मला माझीच लाज वाटते.

या खेपेला कमल आणि सुमी जवळच्या धर्मशाळेत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिस्टरांची नजर चुकवून तिकडे गेलो. दम लागला. सुमी ओट्यावर चिंचोके खेळत होती. मला पाहून ती उठली, तशी कमल आडवी आली.

"तिथंच उभे राहा! एक पाऊल पुढं टाकू नोका."

"पाहू तर दे."

"तिथूनच पाहा. पोरगी पायजे ना तुम्हाले? मंग वापस जा."

बोलताना तीच रडत होती. मी परत फिरलो.

तिसऱ्या दिवशी गाठ मोजली. चांगली मोठी, कडक गाठ. मी डॉक्टरांना म्हणालो, "म्हणजे लागलंच ना तिले?"

"जंतू आत गेला, हे खरं. पण गाठ म्हणजे आजार नव्हे," ते म्हणाले. "तिच्या अंगानं जंतू ओळखला, म्हणून गाठ आली. तिचा एक्स-रे काढलाय, तो स्वच्छ आहे, ताप नाही, वजन बरोबर आहे. तिच्या पेशींनी त्याला कोंडलंय. तो सुटू नये म्हणून वर्षभर रोज गोळी द्यायची, चुकवायची नाही. ती जेवते, झोपते, खेळते, आणि आतलं काम आत चालू आहे. तुम्हीही तुमच्या अंगाला तेवढी सवड द्या."

त्या दुपारी मी पहिल्यांदा कुणी न सांगता आडवा झालो. चार वर्षांच्या पोरीचं अंग जे मुकाट्यानं करत होतं, तेच माझं अंग करू पाहत होतं, आणि मी रोज त्याच्या आड येत होतो. पण नुसत्या प्रतिकारशक्तीच्या भरवशावर औषध सोडायचं नाही, हेही मी तिथंच पाहिलं. बरं वाटतंय म्हणून घरी पळालेले दोघं आधीपेक्षा वाईट होऊन परत आले होते.

पाच महिन्यांनी, लागोपाठ तीन वेळा बेडका स्वच्छ आल्यावर मला घरी सोडलं. औषध पुढं वर्षभर चाललं. त्या डॉक्टरांचे, त्या ओरडणाऱ्या सिस्टरांचे आणि मला अडवणाऱ्या माझ्या बायकोचे उपकार फिटायचे नाहीत.

घरी पोचलो तर सुमी आईच्या लुगड्यामागे लपली. "हा कोन व्हय?" तिनं विचारलं.

मला फार लागलं. पूर्वीचा मी असतो, तर तिला ओढून उचललं असतं. मी ओट्यावर बसून राहिलो. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी ती हातात भाकरीचा तुकडा घेऊन आली, थोडी लांब बसली, मग सरकली, आणि माझ्या मांडीला टेकली.

मी हललो नाही.