कुरणाच्या तोंडाशी बांध

दूधवाली बोलायला फटकळ होती. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, गाई विकून टाक. तिने उलट आणखी दोन घेतल्या. ओढ्याकाठच्या कुरणात तिचा जीव अडकलेला. तिची धाकटी जाऊ खालच्या गल्लीत शिवणकाम करायची. वाटणीत कुरण दूधवालीला आणि घर जावेला गेलं, तेव्हापासून दोघींचा अबोला.

दर पावसाळ्यात ओढा त्या गल्लीत शिरायचा. म्हणून कुरणाच्या तोंडाशी मातीचा छोटा बांध घालायचं ठरलं. इंजिनीअरबाई समजवायला आल्या. "पाणी कायमचं साठणार नाही, मावशी. पूर इथे थांबेल आणि बांधाखालच्या पाइपातून हळूहळू निघून जाईल."

"म्हणजे त्यांची घरं कोरडी आणि माझ्या गाई पाण्यात? जमायचं नाही!" तिने फाटक लावून घेतलं.

त्याच पावसाळ्यात गल्ली पुन्हा बुडाली. पाणी ओसरल्यावर ती दूध घालायला गेली, तर जाऊ उंबऱ्यात बसून शिलाई मशीनमधला चिखल काडीने कोरत होती. गिऱ्हाइकांचे कपडे गाळाने माखलेले. दूधवालीचा पाय पुढे पडेना. तिने कॅन खाली ठेवला आणि बादली उचलली. दुपारपर्यंत दोघी चिखल उपसत होत्या. बोलणं मात्र "सरका" आणि "धर" एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती इंजिनीअरबाईंच्या ऑफिसात गेली. जाऊही नुकसान सांगायला आलेली होती.

"बांध घाला," दूधवाली म्हणाली. "पण पुरात माझ्या गाई बांधू कुठे?"

बाई नकाशात जागा शोधू लागल्या. जाऊच बोलली, "माझ्या अंगणात."

"आणि बांध फुटला तर?"

"तर काय, गाई आणि आपण सगळ्या मिळून पोहू, ताई!"

दूधवालीला हसू आवरेना.

उन्हाळ्यात काम निघालं. मातीचा एकेक थर रोलरखाली दाबला जात होता. ती रोज ड्रायव्हरला दटावायची, "नीट दाब रे, खाली माझी जाऊ राहते!"

पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला. कुरणाचं तळं झालं, बांधाने दम धरला आणि पाइपातून गढूळ पाणी बेतानं वाहत राहिलं. गल्लीत फक्त पावसाची डबकी. जाऊच्या अंगणात गाई रवंथ करत होत्या. त्यांतल्या एकीने दोरीवरच्या नव्या झंपराची बाही चघळून टाकली.

"ताई, हिला आवरा!"

"दुसरी शिवून दे गं, मी काज करते," म्हणत दूधवाली सुईत दोरा ओवायला बसली.