दिगूचे कान

माझ्या बायकोला माझे सगळे दोष तोंडपाठ आहेत. पाहुणे आले की ती ते क्रमाने सांगते. त्यात हा एक नसतो — कारण हा मी तिलाच काय, कुणालाच उघड सांगितलेला नाही. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा, पण बसवतंय कुठे? दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकी लावतो, मग उकडतं म्हणून उघडतो. चहाही दोनदा करून झाला.

गोष्ट एका गिटारीच्या आवाजाची आहे. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटावं म्हणून मी बरीच वर्षं खटपट केली. जमलं नाही.

दिगूपासून सुरुवात करतो. दिगू म्हणजे दिगंबर, आमच्या मांडवीतलाच, माझ्या बरोबरीचा. त्याचे वडील, काका, सगळे दर्यावर. त्यामुळे आयटीआय करून तो मालवाहू बोटीवर फिटर म्हणून लागला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. मी कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. ऐंशीच्या दशकातले दिवस. तो वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचा, आणि आला की सकाळपासून आम्ही एकत्र. इंजिनरूममध्ये आवाज कसा असतो हे त्याने मला एकदा सांगायला घेतलं आणि सोडून दिलं. म्हणाला, घरी आल्यावर पहिले काही दिवस समुद्र मुका वाटतो.

दोघांकडे गिटार होती, मुंबईहून आणलेली, एकाच कारखान्याची, विजेवरची. आणि दिगूने कुठल्याशा बंदरातून आणलेल्या कॅसेटी होत्या — ब्लूजच्या. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं ते गाणं. आमच्या रत्नागिरीत त्याचं काय काम होतं? पण दिगूला ते लागलं, आणि त्याच्यामुळे मलाही. त्यात एक सूर होता, तो कोमल गंधारही नव्हता आणि शुद्धही नव्हता. मधेच कुठेतरी. माझे वडील भजनात पेटी वाजवायचे, सूर ओळखायला मी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलेलो. मी पेटीवर तो सूर शोधत बसलो. पेटीत तो असणारच नव्हता. दिगूला कोमल-शुद्ध काही कळत नव्हतं. त्याने बोटाने तार वर ढकलली आणि तो सूर काढला. पुन्हा काढला. माझ्याकडे बघून हसला.

मला त्याचा राग यायला लागला तो तिथून. मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मी माझ्या मनाशी म्हणायचो, याला शिस्त नाही.

असो — नाही, असो म्हणून कसं चालेल? पुढे सांगतो. चिपळूणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने गणपतीत दिगूला वाजवताना ऐकलं. त्याचा गिटारवाला वर्षभराने आखातात जायचा होता. त्याने दिगूला सांगितलं, हात तुझा छान आहे, पण ही गिटार शिट्ट्या मारते. तिचा आवाज सुधार आणि पुढच्या सुट्टीत ये, जागा तुझी. म्हणजे दिगूला बोट सोडता येणार होती. हे तो मला सांगताना इतका हळू बोलत होता, जणू मोठ्याने बोललं तर कुणी काढून घेईल. आवाज सुधारायचा म्हणजे गिटारीचे पिकअप बदलायचे.

विजेच्या गिटारीला पोट नसतं, नुसती फळी असते. तारांच्या खाली छोटी चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. वरची तार थरथरली की ती थरथर तिथून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. ते पिकअप. तारेवरचं बोट तुमचं असलं तरी ऐकणाऱ्यापर्यंत त्यातलं किती पोचायचं, हे पिकअपच्या हातात.

पुढच्या सुट्टीत दिगू आला तो पिकअपचे दोन जोड घेऊन. एका जपानी बंदरातल्या वाद्यांच्या दुकानातून. एक जोड नवा कोरा, चकचकीत. दुसरा जुना, कुणाच्या तरी गिटारीतून काढलेला. त्याची टोपणं पिवळी पडलेली, एकाला चीर गेलेली. दुकानात त्याला कुठला घ्यावा ते ठरवता आलं नव्हतं.

"कानात इंजिन चालूच असता," तो म्हणाला. "म्हणून दोनव घेऊन आलो. तुझे कान बरे. ब्लूजला जो बरा वाटंल तो माझ्या गिटारीत घाल. ऱ्हायलेला तुझा."

त्याच्या मामाच्या आंब्याच्या बागेत पेट्या भरायची एक खोली होती. हंगाम सरला की ती रिकामी. कोपऱ्यात फळ्यांचे ढीग, पेंढा, आणि लाउडस्पीकरवाल्याकडून आणलेला जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. आम्ही तिथे वाजवायचो. दुपारी मी प्रयोगशाळेतलं सोल्डरिंग आयर्न घेऊन गेलो आणि आधी चकचकीत जोड बसवला. आवाज मोठा, भरदार. पण बोट हळू लावा की जोरात, उत्तर एकच. दोन तारा एकदम छेडल्या की एकीचा सूर दुसरीत बुडायचा. ऑर्केस्ट्रात दहा वाद्यांमध्ये त्याचा नुसता गोंगाट झाला असता.

मग तो काढून पिवळा जोड लावला. हा आवाज लहान होता. आणि — कसं सांगू? दिगूने तार वर ढकलली, सूर त्या मधल्या जागी गेला आणि थोडा वेळ तिथेच थरथरत राहिला. बोटाची राठ कातडी तारेवर घासल्याचंसुद्धा ऐकू आलं. दिगूचा हात त्यात जसाच्या तसा होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा ओसरायच्या आत मनात आलं — हा जोड मला हवा.

"काय म्हणतंस?" दिगूने विचारलं.

मी म्हणालो, चकचकीत.

माझ्या कानांची चूक झाली असेल, असं तुम्ही म्हणाल? नाही. माझ्या कानांनी त्या दुपारी त्यांचं काम चोख केलं होतं. मी वर शिक्षकी आवाजात हेही सांगितलं की ब्लूजला भरदार आवाज लागतो, पिवळ्यात दम नाही.

"मला तो पिवळा बरा वाटला व्हता," तो म्हणाला. "पण माझ्या कानांचा काय भरवसा."

बघा, त्याला ऐकू आलं होतं. तिथे मी एक शब्द बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं. मी पिवळा जोड काढला आणि चकचकीत पुन्हा बसवला. सोल्डर छान बसलं होतं. कामात मी हयगय केली नाही.

मग दिगू रोज वाजवायला लागला. चिपळूणला जायचं होतं ना. मी फळ्यांवर बसून ऐकायचो. त्याचं बोट तेच होतं, पण ते आता बाहेर येत नव्हतं. तो आणखी जोर लावायचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंट्या फिरवायचा, तारा बदलायचा, खोलीत बसायची जागा बदलायचा. एकदा तर भिंतीला कान लावून वाजवत होता. माणूस आपलीच हरवलेली वस्तू घरभर शोधतोय आणि ती माझ्या खिशात आहे — असं मला तेव्हा वाटलं होतं. तरी मी खिसा उलटा केला नाही.

शेवटी तो म्हणाला, पिवळा एकदा पुन्हा लावून बघूया का?

माझी जीभ किती तयार होती, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी म्हणालो, अरे, काढताना त्याची आतली तार तुटली, तो गेला. त्या वेळी तो जोड प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात कापसात गुंडाळून धडधाकट पडला होता.

दिगू रागावला नाही. तुटली तर तुटली, म्हणाला. मग गिटार मांडीवर आडवी ठेवून त्याने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मग खोट आवाजात हाय की माझ्या कानात? खरा सांग."

हे सांगायलाच मी बसलो आहे. बाकी सगळं — चकचकीत, पिवळा, तुटलेली तार — त्याला एक वेळ हावरेपणा म्हणता येईल. हाव माणसाला सुटते. पण हा प्रश्न पिकअपचा नव्हता. पिवळा जोड तर मला मिळालेलाच होता. आता मला दिगूकडून काहीच नको होतं. तरीही मी जरा थांबलो, सांगायला जड जातंय असा चेहरा केला, आणि म्हणालो, आवाज ठीक आहे रे. तुझे कानच गेलेत. सूरसुद्धा हल्ली तुझे थोडे खाली लागतात.

सूर खाली लागत नव्हते. एकही नाही.

तुम्ही विचाराल, तो डॉक्टरकडे का नाही गेला? बोटीवरचा माणूस जाणार नाही. कान अधू आहेत हे एकदा कागदावर आलं की पुढच्या तपासणीत तो नापास, म्हणजे ऑर्केस्ट्राही नाही आणि बोटही नाही. मांडवीतल्या पोरासोरांना हे ठाऊक असतं. मलाही होतं. माझं बोलणं तपासायला तो कुठेच जाऊ शकत नाही, हे मला बोलताना ठाऊक होतं.

दिगू चिपळूणला गेला नाही. जागा दुसऱ्याला द्या, असा निरोप त्याने धाडला आणि सुट्टी संपायच्या आधीच तो बोटीवर परतला. त्याला एसटीवर सोडून मी त्याच्या घरी गेलो, तर त्याची आई माझी वाटच बघत होती. पोराने पगाराची नोकरी सोडून गाणाऱ्यांच्या मागे जाऊ नये म्हणून ती माउली वर्षभर जीव टांगून होती.

"तू होतास म्हणून त्याचा डोका ताळ्यावर आला," ती म्हणाली. मला बसवून तिने बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. मी जेवलो. घास अडकला वगैरे म्हणणार नाही. दोनदा भात घेतला.

पिवळा जोड मी माझ्या गिटारीत बसवला. तो खरंच उत्तम होता. माझं वाजवणं त्यातून स्वच्छ ऐकू यायचं — बरोबर, नीटनेटकं, आणि ज्यात ऐकण्यासारखं काही नाही असं. थोड्याच दिवसांत मी वाजवणं सोडलं. याला पश्चात्ताप समजू नका. मला कंटाळा आला.

दिगू मात्र निवृत्त होईपर्यंत इंजिनरूममध्येच राहिला. तिथल्या आवाजाने त्याचे कान सुट्टी-सुट्टीगणिक खरोखरच नेले. मी पाठमोऱ्या दिगूला हाक मारली आणि त्याने वळून बघितलं नाही, तो पहिला दिवस मला आठवतो. हेही लिहितो: मला बरं वाटलं. आता माझं बोलणं खोटं राहिलं नव्हतं.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं मांडवीच्या जेटीवर बसतो. तो कानात यंत्र घालत नाही, खरखर होते म्हणतो. सगळे त्याच्याशी ओरडून बोलतात. मीही ओरडतो: मासळीचा भाव काय, पाणी आलं का, नातू पास झाला. परवा जेटीवर गर्दी होती. तो समुद्राकडे बघत होता आणि मी त्याच्या बाजूला बसून, मान खाली घालून, सगळं सांगितलं. पिवळा जोड, तुटलेली तार, त्याचे सूर, चिपळूण — काही गाळलं नाही. माझ्या साध्या आवाजात सांगितलं. त्या आवाजात त्याला ऐकू जात नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

माझे ओठ हलताना त्याला दिसले असावेत. तो माझ्याकडे वळला आणि त्याने तळहात कानामागे धरला.

"मोठ्यान बोल रे," तो म्हणाला. "काय म्हणतंस?"

मी ओरडून सांगितलं, वारा सुटलाय, घरी जाऊया.