आकडा बरोबर हाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कीबोर्ड पुसणं. संध्याकाळचा चहा झाला होता. हौसा ओल्या फडक्यानं पांढऱ्या पट्ट्या पुसत होती, मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं फटीतली धूळ काढत होतो. ती म्हणाली, "इंदूवैनीच्या सुनंला देऊन टाकू. तिचा कान चांगला हाय. हितं नुसता पडून हाय." मी हूं म्हणालो.

त्या हूंच्या मागं काय होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही, देवापुढं तर तोंडच उघडलं नाही. गड्या, तुला सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, आडवंतिडवं लिहीन. पण खोटं लिहिणार नाही. खोटं बोलायचं होतं तेवढं बोलून झालंय.

हौसा माझी बायको. माण तालुक्यातली, दहिवडीकडची. तिचा बाप मेंढरं राखायचा आणि भजनात पेटी वाजवायचा. त्याच्या मांडीला मांडी लावून ही शिकली — कागदावरनं नाही, बघून बघून. म्हणून तिला पट्टी एकच यायची, बापाची. काळी एक. म्हणजे त्या काळ्या पट्टीवर सा धरायचा आणि तिथनं बोटं चालवायची. दुसरीकडं सा धरला की तिची बोटं अडखळायची. लग्न होऊन आमच्याकडं आली, आष्ट्याजवळ, उसाच्या मुलखात. मला म्हणायची, "तुमच्याकडं पाणी लय, सूर थेंबभर."

गावातल्या बायकांचं भजनी मंडळ तिनंच उभं केलं. पण बायकांचा गळा वेगळा. बापाच्या पट्टीत त्यांना गाता यायचं नाही, खालचे सूर घशातच राहायचे. त्यात हिचा डावा खांदा आखडला. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, पेटीचा भाता मारणं बंद. दवाखान्यातनं बाहेर पडलो. मग मीच — हो, मीच म्हणालो, बिनभात्याची पेटी मिळते म्हणं, बघूया का?

तंबोरे टांगलेल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं पहिलं विचारलं, "घरात वाजवायचाय का कार्यक्रमात?"

मी म्हणालो, "घरात."

ती म्हणाली, "दोन्हीकडं."

दुकानदार हसला. म्हणाला, आधी घरात ठरवा. एक छोटा दाखवला. त्याच्या पट्ट्या अरुंद, खुरपं धरून जाड झालेली तिची बोटं एकदम दोन-दोन पट्ट्यांवर पडायला लागली. दुसरा स्टेजवरचा, जड. त्याला आत स्पीकरच नाही. ती म्हणाली, "ह्यो घरात मुका. न्हाई चालायचा." तिसऱ्याला आत स्पीकर होता, लाईट गेली तर सेलवर चालायचा, मागं मांडवातल्या कर्ण्याची वायर लावायला जागा होती आणि पट्ट्या पेटीसारख्या रुंद. दुकानदार त्यातनं बासरी काढायला लागला, व्हायोलिन काढायला लागला, ढोल काढला. ही म्हणाली, "बाजार ऱ्हाऊ द्या. पेटीचा आवाज काढा." डोळे मिटून ऐकला. "सर्दी झाल्यागत वाटतोय. पण चालंल."

मग त्यानं ते बटण दाखवलं. "मावशी, बोटं तुमच्याच पट्टीत ठेवा. हे दाबलं की सूर बायकांच्या पट्टीत जातोय." हौसानं वाजवलं. बोटं बापाची आणि सूर तिच्या मंडळाचा. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं ते बटण मीच तयार केलंय.

आता नीट ऐक. कीबोर्डच्या काचेवर त्या बटणाचा आकडा यायचा, सूर किती घरं सरकला त्याचा, इंग्रजीत. हौसाला तो वाचता यायचा नाही. मी फौजेत गाडी चालवलेली, मला आकडे येत होते. मग आमची पद्धत पडली. चालू मी करायचा, बटण मी दाबायचं, आकडा मी बघायचा. ती विचारायची, "आकडा बरोबर हाय का?" मी म्हणायचो, "हाय." तवाच तिचा हात पट्टीवर जायचा. त्याआधी नाही. कधीच नाही.

मंडळाचं नाव झालं. हळदीकुंकू, यात्रा, सप्ताह. सांगलीतनंसुद्धा बोलावणं आलं. बॅग माझ्या खांद्याला. डेअरीवर दूध घालायला गेलो की चालू व्हायचं. "काय मेजर, बंदूक लांबडी मिळाली की." "मेजर, आज कुठली सुपारी?" "मेजर, आमच्या जावळाला याल का? वैनीस्नी विचारून सांगा." मीही हसायचो. घरी येऊन भाकरी मोडायचो आणि अर्धी टाकून उठायचो. फौजेत साहेबाची बॅग उचलली तेव्हा कधी लाज वाटली नाही. बायकोची उचलताना का वाटावी? — वाटली. काय सांगू दुसरं.

यात्रेतली भजन स्पर्धा होती. शेजारच्याच गावात. मांडव गच्च भरलेला. मी हौसाच्या मागं वायरींजवळ बसलो. तंबोऱ्याचा तो डबा असतो ना, विजेवरचा, तो चालू होता, बायकांच्या पट्टीत लावून. मी आकडा लावला. हौसानं विचारलं, मी सांगितलं, हाय. खरोखर होता. मग ती उठून देवाला हात जोडायला गेली. तेवढ्यात माईकवरचा माणूस म्हणाला, "हौसाबाईंचे मालक पण आलेत बरं का मंडळी — वायर धरायला."

मांडव हसला. हसला तर हसला. पण देवापुढनं वळताना हौसापण हसली, पदर तोंडाला लावून.

माझं बोट गेलं — असं लिहिणार होतो. बोट आपोआप जातंय व्हय? मी नेलं. ते बटण दोनदा दाबलं. काचेवरचा आकडा बदलला. ती येऊन बसली आणि सवयीनं परत विचारलं, "आकडा बरोबर हाय का?"

मी म्हणालो, "हाय बरोबर."

तिनं सा धरला. डब्यातला तंबोरा एकीकडं, कीबोर्ड दुसरीकडं. एका दावणीला दोन मारकी जनावरं बांधल्यागत. मंडळात पुढनं म्हणणाऱ्या इंदूवैनीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हळू आवाजात म्हणाली, "हौसाक्का, पट्टी बघ." हौसानं बोटांकडं बघितलं. बोटं जागेवर होती, बापानं ठेवायला शिकवली तिथंच. परत धरला. परत तसंच. पुढं बसलेली पोरं खुसखुसायला लागली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तोंडातनं आवाज नाही, नुसते ओठ — आकडा?

दोनदा दाबायचं होतं, गड्या. दोनदाच. कुणाला कळलं नसतं. मला जमलं नसतं असं नाही, हात तिथंच होता.

मी मान हलवली. बरोबर हाय.

तिनं दोन्ही हात मांडीत घेतले. पुढचं सगळं भजन बायकांनी नुसत्या टाळांवर म्हटलं. ती मध्ये बसून होती, टाळ पण नाही हातात. मांडवातनं निघायच्या आधी मी आकडा जागेवर आणला. कुणी बघू नये म्हणून. एवढी अक्कल होती मला.

दुसऱ्या दिवशी तिनं घरात डब्यातल्या तंबोऱ्याबरोबर वाजवून बघितला. तंतोतंत लागला. तिचं तोंड उजळंल असं मला वाटलं होतं. उलट झालं. म्हणाली, "घरात लागतोय. म्हंजे माणसांत माझा कान जातोय." मला म्हणाली, मिरजेला चला, कान दाखवू. नेलं. डॉक्टरानं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. बारीक बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की हिनं हात वर करायचा. मी बाहेरनं बघत होतो. हात सारखा वर जात होता. शाळेतल्या पोरीगत, नीट, सरळ. डॉक्टर म्हणाला, आजी, कान ठणठणीत आहेत. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "मग काय झालं असंल वो?"

मी म्हणालो, "वय झालं."

मंडळात तिनं परत कीबोर्ड नेला नाही. मग मंडळातच जाईना. इंदूवैनी दोनदा बोलवायला आली, हिनं खांद्याचं कारण सांगितलं. पुढं पुढं घरातपण वाजवायची थांबली. डेअरीवरचं चिडवणं बंद झालं. मला बरं वाटलं. हे पण लिहितो — मला बरं वाटलं. निदान पहिला महिनाभर.

त्या शेवटच्या संध्याकाळी कीबोर्ड पुसून झाल्यावर तिनं फडकं पिळलं आणि म्हणाली, "एक बरं हुतं, आकडा बघाय तुमी हुता. न्हाईतर मी आपली त्या मशीनला नावं ठेवली असती." सहज म्हणाली. टोमणा नव्हता. हौसाचा टोमणा मला ओळखू येत होता, चाळीस वर्षांवर खाल्लेत. मी ब्रश झटकला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. सांगायचं होतं का मला? खरं विचारशील तर नाही. मी जनावराला वैरण टाकली.

त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी हाक मारली तर उठली नाही.

उजाडल्यावर बायका आल्या. सगळं मंडळ आलं. इंदूवैनी हौसाच्या पायाशी बसली, बराच वेळ रडली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, हिनं वाजवायचं का सोडलं वो? आमाला कवाच न्हाई सांगितलं. आमचं काय चुकलं हुतं का? एवढं तरी सांगा."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

"तुमचं काय न्हाई," मी म्हणालो. "तिलाच सूर कळंना झाला हुता."

हौसा तिथंच होती. तोंड अजून झाकलं नव्हतं.