अंबरनाथचं लाल आकाश

ड्रोन उडवायचं लायसन दुकानातल्या दादाकडे; मी फक्त बॅग वाहणारा. आठवीत शाळा सोडून हिंगोलीकडून इथे आलो, तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमधल्या फोटोवाल्या सिंधी शेठने मला दुकानात ठेवून घेतलं. ड्रोनला पंखे लावायचे, दादा येईपर्यंत मशीन चालू करून ठेवायचं, एवढंच काम.

त्या दिवशीची हळद शिरगावला ठरली होती. ऐनवेळी मंडळींनी ती अंबरनाथला, नवऱ्याच्या मामाच्या बिल्डिंगखाली हलवली. दादा मागून बाईकवर येणार होता. मी बॅग मांडीवर घेऊन रिक्षाने पुढे निघालो. वाटेत एका खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं.

मांडवाशेजारी मशीन चालू केलं. दिवे लागले, पण पंखे हलेनात. स्क्रीनवर लाल पट्टी, तिच्यात इंग्रजी. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. मला तो खड्डाच आठवला. बंद केलं, परत चालू केलं. तेच.

तोवर पिवळ्या हातांची मंडळी भोवती जमली. "पाखरू उपाशी दिसतंय," मामा म्हणाला. "वाढा रे त्याला मटण!"

"मामा, गप ना, पोरगा घाबरलाय," नवऱ्याची बहीण म्हणाली.

मी कसंबसं हसलो. शेठ ओरडणार नाही, नुसतं "बेटा, अब घर जा" म्हणेल, याचीच भीती जास्त. बापाला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

दादा आला. पट्टी वाचून त्याने मोबाईलवर ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा उघडला. शिरगाव हिरवं होतं. आम्ही उभे होतो तिथे लाल.

"इथे जवळ सरकारी कारखाना आहे. वरचं आकाश बंद. परवानगीशिवाय मशीन उठतच नाही. जागा बदलली, आणि मी बघायला विसरलो."

"म्हणजे बिघडलं नाही?"

"येड्या, ठणठणीत आहे!"

मी त्या लाल पट्टीकडे परत बघितलं. दिल्लीत कुणीतरी बसून शेताला बांध घालावेत तसे आख्ख्या देशाच्या आकाशाला बांध घातले असणार: इथे उडा, इथे विचारून, इथे अजिबात नाही. त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

दादाने शेठला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अरे साईं, गच्चीवरून काढा ना शूटिंग! आणि छोकऱ्याने खाना खाया क्या?"

मामाने मला पंगतीत ओढलं. "पाखरू नाही तर पाखराचा मालक तरी जेवू दे."

मालक मी नव्हतो, पण ते सांगत बसलो नाही. मटण दोनदा वाढून घेतलं.